डेशूट्सवर स्टीलहेड: मित्राला घेऊन गाइडसोबत फ्लाय फिशिंगला जायचं तर

स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. जात एकच, पण ज्या पिल्लांना समुद्राची ओढ लागते ती नदीत एक ते तीन वर्षं काढून पॅसिफिकमध्ये उतरतात, तिथे पोसतात आणि चंदेरी, दणकट होऊन आपल्या नदीकडे परततात. पॅसिफिकमधले सॅमन अंडी घातल्यावर मरतात, हा मासा मात्र हटकून मरत नाही. थोडे मासे पुन्हा समुद्र गाठतात आणि दुसऱ्यांदाही परत येतात. नदीत शिरल्यावर त्याचं खाणं जवळपास थांबतं, तरीही तोंडासमोरून आडवा गेलेला फ्लाय, म्हणजे गरीला पिसं-दोरे गुंडाळून केलेलं नकली भक्ष्य, तो कधीतरी झडप घालून पकडतो. या ‘कधीतरी’साठी माणसं दिवसभर मांड्यांपर्यंत थंड पाण्यात उभी राहतात. इथले जुने लोक याला हजार कास्टचा, म्हणजे हजारदा गरी फेकावी तेव्हा लागणारा, मासा म्हणतात.

हा लेख ओरेगनमधल्या डेशूट्स नदीबद्दल आहे. पोर्टलंड, हिल्सबोरो, बीव्हरटन भागातल्या मराठी मंडळींना ती गाडीने साधारण दोन तासांवर आहे. पेल्टन धरणाच्या खालून कोलंबियाच्या संगमापर्यंत तिचे शेवटचे शंभर मैल मोकळे वाहतात, बेसॉल्टच्या खोल दरीतून. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ते एकावर एक रचलेले लाव्हाचे काळे थर लगेच ओळखीचे वाटतात. फक्त इथे करवंदीच्या जाळ्या नाहीत, सेजब्रशची करडी झुडपं आहेत.

कोकणात लहानपणी गरीने मासे गरवले असतील तर पाणी वाचायची थोडी सवय तुम्हाला असेल. पण पहिल्या स्टीलहेडसाठी गाइड घ्याच, आणि एकटे जाऊ नका. दोघांनी गेल्याने खर्च वाटला जातो, हा त्यातला किरकोळ फायदा. खरं कारण असं की मासा क्वचित लागतो, त्यामुळे उरलेला सगळा दिवस पाणी आणि सोबत यांचाच असतो. पाणी कसं वाटून घ्यायचं हे दोघांनी आधी ठरवलं तर मासा न लागताही दिवस चांगला जातो. ठरवलं नाही तर मासा लागूनही मनात काहीतरी राहून जातं.

कधी जायचं

डेशूट्सचे स्टीलहेड उन्हाळी. जुलैपासून ते संगमापाशी शिरू लागतात आणि हळूहळू वर सरकतात. मॉपिन हे गाव संगमापासून सुमारे ५० मैल वर आहे. त्याच्या आसपास सप्टेंबर आणि ऑक्टोबर हा खरा हंगाम. ऑगस्टमध्ये जायचं असेल तर संगमाकडच्या खालच्या भागात जा, ऑक्टोबरमध्ये मॉपिनकडे या.

तारीख धरण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, मासे किती आलेत. समुद्रातून येणाऱ्या माशाला आधी कोलंबियावरचं बॉनविल धरण आणि मग द डॅल्स धरण शिड्यांनी चढावं लागतं, त्यानंतर डेशूट्सचं मुख येतं. बॉनविलला १९३८ पासून मासे मोजले जातात आणि रोजचे आकडे कुणालाही इंटरनेटवर बघता येतात. हा नुसता कुतूहलाचा विषय समजू नका. २०२१ मध्ये मासे इतके कमी आले की राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याने डेशूट्सवरची स्टीलहेडची मासेमारीच बंद केली. मध्य कोलंबिया खोऱ्यातले जंगली स्टीलहेड १९९९ पासून धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहेत. त्यामुळे बुकिंग करतानाच गाइडला विचारा: नदी बंद झाली तर पैसे परत मिळणार, की तारीख बदलून मिळणार?

दुसरी गोष्ट पाण्याचं तापमान. २० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे इथल्या भाषेत ६८ फॅरनहाइटच्या, वर पाणी गेलं की पकडून सोडलेला मासा मरायची शक्यता वाढते. गंमत म्हणजे ऑगस्टमध्ये कोलंबिया तापलेली असते तेव्हा स्नेक नदीकडे निघालेले परके स्टीलहेडही डेशूट्सच्या थंड पाण्यात विसाव्याला थांबतात. म्हणजे मासे भरपूर दिसतात, पण ते दमलेले असतात. कडक उन्हाळ्यात दुपारनंतर गरी टाकायला बंदी आली तर ती योग्यच आहे, आणि बंदी नसली तरी तापलेल्या दिवशी दुपारी रॉड खाली ठेवावा, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक स्थानिक भानगड: व्हाइट रिव्हर. ही उपनदी माउंट हूडच्या हिमनदीतून निघते आणि मॉपिनच्या खाली डेशूट्सला मिळते. फार ऊन पडलं किंवा डोंगरावर पाऊस झाला की ती राखाडी गाळ आणते आणि तिच्या खालचं पाणी दिवसचे दिवस गढूळ राहतं. अशा वेळी गाइड तुम्हाला व्हाइट रिव्हरच्या वरच्या अंगाला नेईल. नेलं नाही तर का, ते विचारा.

हंगाम नेमका गणपती, पितृपक्ष आणि नवरात्रात येतो. कुणाच्या घरी त्या दिवसांत मांसाहार बंद असतो, कुणाला जिवाला गरी लावणंच नको वाटतं. मित्राशी हे आधीच बोलून घ्या. माझी भूमिका अशी: माशाला त्रास होतो हे मान्य करूनच मी नदीत उतरतो, आणि म्हणून तो त्रास कमीत कमी व्हावा यासाठी जे जे करता येईल ते करणं माझ्यावर बंधनकारक आहे. मित्राला हे पटत नसेल तर त्याला ओढून नेऊ नका.

गाइड ठरवताना

ओरेगनमध्ये पैसे घेऊन मासेमारीला नेणाऱ्या गाइडची राज्याच्या मरीन बोर्डाकडे नोंदणी लागते, आणि डेशूट्सवर काम करायला वेगळा परवानाही लागतो. दोन्ही आहेत का, हे विचारायला संकोचू नका. चांगला गाइड आनंदाने सांगतो.

मग सहलीचा प्रकार ठरवा. ड्रिफ्ट बोटीतून प्रवाहाबरोबर खाली जात जागोजागी थांबायचं, जेट बोटीने संगमाकडून वर जायचं, किंवा गाडीने काठाकाठाने फिरत पायी उतरायचं. बोट असली तरी डेशूट्सवर बोटीत बसून गरी टाकायला मनाई आहे. बोट फक्त जागा बदलायला, गरी टाकायची ती नदीत उतरून. नवख्यांना मी एक दिवसाची ड्रिफ्ट बोट किंवा पायी सहल सुचवतो. मॅक्स कॅन्यनपाशी गाडीरस्ता संपतो. तिथून संगमापर्यंतची दोन-तीन मुक्कामांची सहल फार सुंदर आहे, पण दुसऱ्या दिवशी खांदे बोलू लागतात. ती पुढच्या खेपेला ठेवा.

एका दिवसाचे दोघांचे मिळून साधारण ६०० ते ८०० डॉलर धरा, वर १५ ते २० टक्के टिप. रॉड, रील, फ्लाय आणि दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी त्यातच येतं, तरी विचारून घ्या. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा आणि पुन्हा दोन दिवस आधी आठवण करा, नाहीतर दरीत तुमच्या वाट्याला फक्त चिप्स आणि सफरचंद यायचं. मी सोबत धपाटे आणि दाण्याची चटणी नेतो. गार झाले तरी चालतात, आणि गाइडही आवडीने खातो.

फोनवर गाइडशी बोलताना तुमचा आणि मित्राचा अनुभव जसा आहे तसाच सांगा. एकाने ट्राउटसाठी बरीच वर्षं रॉड धरलाय आणि दुसऱ्याने कधीच नाही, अशी जोडी असेल तर दिवसाची आखणीच बदलते. आणि स्पष्ट सांगा की आम्हाला शिकायचंय. काही गाइड मासा लागावा म्हणून फ्लोट लावून खोल पाण्यात निम्फ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखा फ्लाय, सोडायला देतात. त्याने मासा लागतो, त्यात गैरही काही नाही. पण डेशूट्सवर आलात तर फ्लाय प्रवाहात आडवा फिरवायचं कौशल्य शिकून जा. ते आयुष्यभर पुरेल.

लायसन ऑनलाइन निघतं. वर्षाच्या लायसनवर स्टीलहेडसाठी कम्बाइन्ड अँगलिंग टॅग (ठेवलेल्या माशांची नोंद करायची ती) आणि कोलंबिया खोऱ्याचं एन्डोर्समेंट (जादा परवानगी), दोन्ही लागतात. एका दिवसाचं घेणार असाल तर त्यात काय धरलंय ते गाइडला विचारा. दरीत बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून निघण्यापूर्वीच सगळं डाउनलोड करून ठेवा. वरच्या भागात नदीचा पश्चिम काठ वॉर्म स्प्रिंग्ज आदिवासी राष्ट्राच्या हद्दीत येतो. तिथे त्यांचा परमिट लागतो आणि तोही ठरावीक पट्ट्यापुरताच. मॉपिनच्या खाली शेरर्स फॉल्सपाशी लाकडी मचाणांवरून लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे धरणारी माणसं दिसतील. १८५५ च्या करारात त्यांच्या पूर्वजांनी राखून ठेवलेला हा हक्क आहे. गाडी थांबवून कॅमेरे रोखू नका.

सामान आणि घरचा सराव

रॉड गाइडचाच वापरा. साडेबारा ते साडेतेरा फुटांचा, सात नंबरचा, दोन हातांनी धरायचा स्पे रॉड असतो तो. स्पे ही स्कॉटलंडमधली नदी, ही पद्धत तिच्या काठी तयार झाली. डेशूट्सवर ती इतकी रुजली याचं कारण काठावर दिसतं: पाण्याला चिकटून आल्डरची झाडं उभी आहेत, पाठीमागे लाइन उडवायला जागाच नाही. स्पे कास्टमध्ये लाइन मागे पूर्ण उलगडत नाही. तिचं टोक शेजारच्या पाण्यावर टेकतं आणि तिथूनच पुढे फेकली जाते.

तुमच्याकडून लागतं ते असं. छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी विजार, त्यांना कमरेला घट्ट पट्टा, आणि तळाला धातूचे खिळे असलेले बूट. या बुटांवर अजिबात तडजोड नको. डेशूट्सच्या तळाचे गोटे पावसाळ्यातल्या विहिरीच्या पायऱ्यांसारखे निसरडे आहेत. दोघांनाही एकेक आधाराची काठी हवी, कमरेला दोरीने बांधलेली. पोलराइज्ड चष्मा डोळ्यांसाठी तर लागतोच, शिवाय वाऱ्यात भरकटलेली गरी डोळ्यात जाऊ नये म्हणूनही लागतो. टोपीचंही तसंच. सप्टेंबरमध्ये पहाटे कुडकुडायला होतं आणि दुपारी अंग भाजतं, म्हणून लोकरीचे पातळ कपडे एकावर एक घाला. सुती मोजे नकोत.

सहलीच्या आधी निदान दोन-तीन संध्याकाळी सराव करा. जमलं तर तासाभराची शिकवणी घ्या. गवतावर स्पे कास्ट नीट होत नाही, कारण लाइनला पाण्याची पकड लागते. एखाद्या शांत तळ्याच्या काठी घोटाभर पाण्यात उभे राहा. कास्टचे चार टप्पे आहेत. रॉडचं टोक पाण्यालगत ठेवून लाइन सावकाश उचला. तिचं टोक आपल्या बाजूला एका रॉडच्या अंतरावर टेकवा, याला अँकर म्हणतात. मग रॉड बाजूने मागे फिरवून लाइनचा पोटाच्या आकाराचा फुगा तयार करा. आणि वरचा हात ढकलत, खालचा हात पोटाकडे ओढत पुढे सोडा. जोर खालच्या हाताने लावायचा, हे नवख्याला पटायला वेळ लागतो. वरच्या हाताने जोर लावला की लाइन समोर ढिगारा होऊन पडते.

एक नियम सुरक्षेचा आहे, तो पाठ करा: अँकर नेहमी वारा ज्या बाजूला वाहून जातो त्या बाजूला हवा. वारा नदीच्या वरच्या दिशेला वाहत असेल तर अँकर वरच्या बाजूला, म्हणजे सिंगल स्पे किंवा स्नॅप-टी या प्रकारचा कास्ट. खालच्या दिशेला वाहत असेल तर अँकर खालच्या बाजूला, म्हणजे डबल स्पे. डेशूट्सच्या दरीत दुपारनंतर वारा बहुधा वरच्या दिशेला सुटतो, म्हणून स्नॅप-टी आधी शिका. हे चुकलं तर वारा गरी थेट तुमच्या कानाकडे आणतो.

पहाटेपासून ऊन येईपर्यंत

गाइड तुम्हाला अंधारात बोलावेल. कुरकुर करू नका, पाण्यावर ऊन पडण्यापूर्वीचे तास सगळ्यांत मोलाचे असतात. सावलीत मासा वर येऊन पृष्ठभागाजवळचा फ्लाय घेतो. नदी उत्तरेकडे वाहते आणि मासा प्रवाहाकडे, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभा असतो. शरद ऋतूत सूर्य दक्षिणेला कललेला, म्हणजे ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर. सकाळी पूर्वेकडच्या कड्याखालचा काठ उशिरापर्यंत सावलीत राहतो, संध्याकाळी पश्चिमेकडच्या काठावर आधी सावली येते. गाइडची दिवसभराची धावपळ बरीचशी या सावलीमागे असते.

पहिल्या जागी पोहोचलात की लगेच पाण्यात शिरू नका. मासे तुम्हाला वाटतात त्यापेक्षा काठाजवळ असतात. गाइडला विचारा की इथे मासा कुठे थांबेल आणि का. साधारण उत्तर असं: माणूस चालतो त्या वेगाचं पाणी, तीन ते सहा फूट खोल, तळाला मोठे दगड. पृष्ठभागावर जिथे पाणी किंचित फुगून येतं तिथे खाली दगड असतो. एकदा डोळ्यांना हे दिसायला लागलं की कोणत्याही नदीकडे बघायची नजर बदलते.

आता मित्रांमधला करार. अशा लांबट पट्ट्याला इथे रन म्हणतात. एकजण वरून सुरू करतो, दर कास्टनंतर दोन पावलं खाली सरकतो. दुसरा त्याच्या मागून, निदान तीस मीटर अंतर ठेवून येतो. पुढच्याने तरंगती लाइन आणि लहान फ्लाय वापरावा, मागच्याने बुडणारं टोक आणि मोठा गडद फ्लाय. म्हणजे एकाला नाही म्हणणारा मासा दुसऱ्याला हो म्हणू शकतो. प्रत्येक नव्या रनवर पुढे कोण, ते आळीपाळीने. पहिली पहाट मात्र जो नवखा आहे त्याला द्या. गाइडही पहिला तास त्याच्याजवळ उभा राहील, हे अनुभवी मित्राने आधीच मान्य करावं. एकाच्या फ्लायला माशाने धक्का दिला पण गरी लागली नाही, तर त्या माशावर त्याचा हक्क. दुसऱ्याने थांबायचं. एकाला मासा लागला की दुसऱ्याने लगेच लाइन गुंडाळून मदतीला जायचं. मासा सोडून झाला की पकडणारा रांगेच्या शेवटी.

हेच नियम परक्यांनाही लागू. कुणी आधीच रनमध्ये असेल तर त्याच्या खाली कधीही उतरू नका. काठावरून विचारा, परवानगी मिळाली तर त्याच्या वरून सुरू करा.

कास्ट सावकाश वाढवा. रनच्या माथ्यावर न सरकता आधी रॉडच्या टोकाबाहेर पाच-सहा मीटर लाइन, मग दरवेळी हातभर जास्त, असं करत तुम्हाला सहज झेपेल तिथे थांबा. त्यापुढे लांबी तीच ठेवून पावलं टाकायची. पंचवीस मीटरची सरळ पडलेली लाइन चाळीस मीटरच्या वेड्यावाकड्या लाइनपेक्षा केव्हाही चांगली. फ्लाय समोरून खालच्या दिशेला सुमारे ४५ अंशांत टाका. पडल्यावर लाइनचा पोटभाग एकदाच हलकेच वर उचलून ठेवा, म्हणजे प्रवाह फ्लायला फरफटत नेणार नाही. मग रॉडचं टोक लाइनबरोबर फिरवत राहा आणि बाकी काही करू नका. फ्लाय कमानीत काठाकडे येईल आणि सरळ तुमच्या खाली लटकेल. तिथे त्याला चार-पाच श्वास राहू द्या. पुष्कळ मासे मागोमाग येतात आणि तिथेच धरतात.

कोणता फ्लाय, यावर लोक रात्र रात्र बोलतात. काळं अंग, पांढरे पंख आणि बुडाला झगझगीत हिरवा ठिपका असलेला ग्रीन बट स्कंक डेशूट्सवर पिढ्यान् पिढ्या चाललाय. फ्लाय गाइडला निवडू द्या, तुम्ही कमान नीट काढा.

पाण्यात चालताना एक पाय पक्का रोवल्याशिवाय दुसरा उचलू नका, पाय जमिनीला घासत सरका. मांडीच्या वर जायची गरज क्वचितच पडते. पडलातच तर जोराच्या धारेत उभं राहायची धडपड करू नका. पाठीवर या, पाय प्रवाहाच्या दिशेला, गुडघे वाकलेले, आणि हात मारत काठाकडे सरका. कठीण जागी दोघांनी एकमेकांच्या कोपरात हात अडकवून चालावं.

मासा लागल्यावर

ट्राउटची सवय असलेला माणूस इथेच मासा गमावतो, कारण धक्का जाणवताच तो रॉड उचलतो. स्टीलहेड फ्लाय तोंडात घेऊन वळतो, आणि तो वळल्यावर गरी तोंडाच्या कोपऱ्यात बसते. त्याला वळायला वेळ द्यायचा. लाइन बोटाने दाबून धरू नका, रीलवर मोकळी सोडा. नुसती टोचणी जाणवली तर काहीच करू नका. रील गरगरू लागलं, वजन हातात आलं, की मग रॉड खालून काठाच्या दिशेला न्या.

माझ्या मित्राच्या पहिल्या माशाचा क्षण मी जवळून पाहिलाय. लटकलेल्या फ्लायवर टक, मग पुन्हा टक, आणि त्याचा हात शिवशिवताना मला दिसत होता. गाइड शेजारी अगदी हळू आवाजात एवढंच म्हणत होता, थांब, थांब. तिसऱ्या खेपेला लाइन बाजूला ओढली गेली आणि रील असं ओरडलं की आम्हा तिघांनाही बोलायला सुचलं नाही. मासा प्रवाहाच्या मध्यात उसळला तेव्हा मित्राने पहिल्यांदा श्वास सोडला. “अरे, हा तर थांबतच नाहीये!” तो ओरडला. आणि तो खरोखरच थांबत नव्हता.

पळतोय तोवर पळू द्या, थांबला की गुंडाळा. रॉड उभा धरण्यापेक्षा आडवा धरून बाजूने दाब दिलात तर मासा लवकर दमतो. ही झटापट लांबवू नका. जितका वेळ जास्त, तितका मासा सावरणं अवघड.

गाइड मऊ जाळीत घेईल. आधी पाठीवर, शेपटीजवळचा छोटा मांसल पर बघा. तो शाबूत असेल तर मासा जंगली, त्याला सोडायचंच. कापलेला असेल तर तो हॅचरीचा, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून सोडलेला, आणि त्या वर्षीच्या नियमांत बसत असेल तर ठेवता येतो. जंगली माशाला पाण्याबाहेर काढूच नका. हात ओले करा, एका हाताने शेपटीचा निमुळता भाग धरा, दुसरा हात पोटाखाली पुढे. कल्ल्यांत बोट जाता कामा नये. गरीचा उलटा काटा सकाळीच चिमट्याने दाबून टाकलेला असेल तर ती एका झटक्यात निघते. फोटो काढायचा तर मासा पाण्यात ठेवूनच काढा. मित्राने फोन आधीच तयार ठेवावा, आणि गाइडने शेपटीची पकड सोडायला सांगितलं की मासा धरणाऱ्याने ती लगेच सोडायची. मासा प्रवाहाकडे तोंड करून धरा. त्याची शेपटी हातात जोराने हलली की हात उघडा. बोटांतून सरकताना त्याच्या अंगाची ताकद मनगटापर्यंत जाणवते.

दुपार, संध्याकाळ आणि परतल्यावर

दुपारी ऊन पाण्यावर आलं की विश्रांती घ्या, किंवा गाइड बुडणाऱ्या टोकाची लाइन देऊन सावलीच्या एखाद्या कपारीत नेईल. नव्या माणसाने हाच वेळ कास्टच्या शिकवणीला वापरावा. गाइडला एकच प्रश्न विचारा: माझ्या कास्टमधली कोणती एक गोष्ट आज सुधारू? दहा गोष्टी एकदम सुधारत नाहीत. काठावरच्या दगडांत हात घालताना जपा, दरीत रॅटलस्नेक आहेत. रूळ नदीच्या कडेने जातात, त्यामुळे मालगाडीचा आवाज आला की दचकू नका, पण रुळांवरून चालतही जाऊ नका.

संध्याकाळी पुन्हा सकाळच्याच क्रमाने, फक्त पुढचा-मागचा बदलून. सकाळी नवखा पुढे होता, आता अनुभवी मित्राला माथ्यावरून सुरू करू द्या. अंधार पडण्यापूर्वीचा शेवटचा अर्धा तास घाई करावीशी वाटते. तेव्हा मुद्दाम पावलं लहान टाका.

टिप शक्यतो रोख द्या, दोघांनी मिळून एकाच पाकिटात. मासा लागला नाही म्हणून ती कमी करू नका, मासा आणणं गाइडच्या हातात नसतं. ठेवण्याजोगा हॅचरीचा मासा मिळाला असेल तर त्याची नोंद टॅगवर तिथल्या तिथे करा, घरी जाऊन करू म्हणून ठेवू नका.

घरी आल्यावर बूट आणि वेडर्स ब्रशने घासून पूर्ण वाळवा, विशेषतः बुटांच्या तळाच्या खाचा. न्यूझीलंड मडस्नेल नावाची बारीक गोगलगाय ओरेगनच्या पाण्यांत पसरली आहे आणि ती चिखलाला चिकटून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाते. मग गाइडला फोन करून पुढच्या सप्टेंबरची तारीख विचारा. चांगल्या गाइडच्या तारखा हिवाळ्यातच भरायला लागतात, तेव्हा मित्राची रजा मंजूर होते का हे त्याच आठवड्यात बघून टाका.